विश्लेषण : पौष्टिक डबा शाळेतून तसाच परत का येतो? सकाळी सहा ते दहा या वेळेत डब्यात नेमके काय घडते?

पोषणाचा विचार करून भरलेला डबा दुपारी दप्तरातून बाहेर निघतो, तेव्हा त्यात दीड पोळी आणि जवळपास सगळी भाजी असते. ‘भूक नव्हती’, ‘वेळच मिळाला नाही’, ‘बाईंनी वर्ग लवकर सुरू केला’ ही उत्तरेही ठरलेली. मुलांना डब्यात काय द्यावे याच्या याद्यांना आज तोटा नाही. मोड आलेली कडधान्ये, नाचणी, पनीर, हिरव्या भाज्या, फळे हे सगळे पालकांना पाठ आहे. अडचण अशी, की या याद्या घरातल्या गरम ताटाचा विचार करून केलेल्या असतात. शाळेतला डबा मात्र भरल्यावर तीन-चार तासांनी, गार झालेला, पंधरा-वीस मिनिटांत आणि मित्रांच्या घोळक्यात खाल्ला जातो. डब्याचा प्रश्न पोषणाचा जेवढा आहे, त्याहून जास्त घड्याळाचा, तापमानाचा आणि झाकणाचा आहे.

डबा भरणे आणि उघडणे यात किती वेळ जातो?

उदाहरणादाखल मुंबई-ठाण्याकडची सकाळच्या सत्राची शाळा घेऊ. शाळा सात वाजता भरते. बस सव्वासहाच्या सुमारास येते, म्हणजे डबा सहापर्यंत भरून झालेला हवा. पोळ्या साडेपाचला सुरू, भाजी त्याच्याही आधी. मोठी सुट्टी साडेनऊ-पावणेदहाला. तव्यावरची पहिली पोळी आणि तिचा पहिला घास यात सव्वाचार तासांचे अंतर पडते. शिवाय इतक्या लवकर उठलेले मूल घरून जेमतेम अर्धा कप दूध पिऊन निघालेले असते. म्हणजे ज्याला आपण ‘मधल्या सुट्टीचा खाऊ’ म्हणतो, तो प्रत्यक्षात त्याचा दिवसातला पहिला खरा आहार असतो. त्याला खाऊ म्हणणेच चुकीचे आहे.

राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने फेब्रुवारी २०२४ मध्ये शासन निर्णय काढून पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ किंवा त्यानंतर भरवावेत, असे सांगितले. मुलांची झोप पूर्ण होत नाही, हे त्यामागचे कारण. डब्याच्या दृष्टीनेही हा बदल मोठा आहे, कारण नऊच्या शाळेत जाणारे मूल घरी नाश्ता करून निघू शकते आणि डब्यावरचा भार निम्मा होतो. एकाच इमारतीत दोन सत्रे चालवणाऱ्या शाळांना आणि त्याच बसने दोन-तीन फेऱ्या करणाऱ्या वाहतूकदारांना हे वेळापत्रक बसवणे मात्र सोपे नाही. आणि पाचवीपासून पुढच्या मुलांना हा निर्णय लागूच नाही.

चार तासांत अन्नाचे काय होते?

शिजवलेले अन्न साधारण तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. ५ ते ६० अंश सेल्सिअस हा पट्टा जिवाणूंच्या वाढीला पोषक असतो आणि दप्तरातला डबा सगळा वेळ याच पट्ट्यात असतो. याचा अर्थ चार तास झालेली पोळी-भाजी विषारी होते असा नाही. रोज लाखो मुले ती खातात आणि त्यांना काही होत नाही. धोका कशावर अवलंबून आहे, तर पदार्थातल्या पाण्यावर आणि त्यात काय आहे त्यावर. कोरडी पोळी, थालीपीठ, परतलेली सुकी भाजी, चटणी टिकते. भात, पनीर, बटाट्याचे सारण, ओल्या नारळाची चटणी, दही घातलेली कोशिंबीर उन्हाळ्यात लवकर बिघडते.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते रात्रीच्या भाताकडे. उरलेल्या भाताला सकाळी फोडणी देऊन डबा भरणे ही घरोघरची सोय आहे. भातात ‘बॅसिलस सेरियस’ या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यानंतरही जिवंत राहू शकतात. भात रात्रभर ओट्यावर राहिला तर ते वाढतात आणि त्यांनी तयार केलेले एक विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. म्हणजे फोडणीने भात चविष्ट होतो, सुरक्षित होत नाही. जेवणे आटोपल्यावर लगेच पसरट भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवलेल्या भाताची गोष्ट वेगळी. पण तोही परतून वाफाळता केल्यावर पुन्हा चार तास दप्तरात राहणार असेल, तर मार्च-एप्रिलमध्ये तो टाळलेला बरा. विदर्भात उन्हामुळे शाळाही राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा सुरू होतात. तिथल्या पालकांना हे वेगळे सांगायला नको.

यावर उपाय म्हणून अनेक घरांत गरम राहणारा, म्हणजे दुहेरी भिंतीचा डबा आला. त्याचे काम समजून घेतले नाही तर तो उलटा पडतो. असा डबा अन्न गरम करत नाही, फक्त उष्णता बाहेर जाण्याचा वेग कमी करतो. त्यात उकळते पाणी पाच मिनिटे ठेवून, ते ओतून, मग वाफाळती खिचडी भरली तर ती काही तास चांगली गरम राहते. पण कोमट झालेली खिचडी त्यात भरली, तर तो डबा तिला तासन्तास कोमटच ठेवतो आणि जिवाणूंना नेमके तेच हवे असते. कोमट अन्नासाठी साधा स्टीलचा डबा जास्त बरा. त्यात निदान ते लवकर गार होते. वजनाचा मुद्दाही आहे. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असे राज्य सरकारने २०१५ मध्ये ठरवले. २५ किलोच्या मुलासाठी ही मर्यादा अडीच किलो होते. एक लिटर पाण्याचेच एक किलो धरले, तर जाड डब्याला किती जागा उरते ते दिसतेच.

पोळी ओली का होते, याचे उत्तर वाफेत आहे. तव्यावरची पोळी थेट डब्यात गेली आणि झाकण लागले, की वाफ झाकणाला लागून थंड होते आणि थेंब होऊन पोळीवरच पडते. मुलाला डबा उघडल्यावर चिकट, ओलसर घडी मिळते. पोळी जाळीवर किंवा सुती फडक्यावर चार-पाच मिनिटे निववून, मग तूप लावून भरली, तर हा प्रश्न बराच सुटतो. तिला वर्तमानपत्रात गुंडाळणे मात्र टाळायला हवे. छपाईच्या शाईतील रसायने अन्नात उतरू शकतात म्हणून अन्न बांधण्यासाठी वर्तमानपत्र वापरू नये, असे अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने (एफएसएसएआय) सप्टेंबर २०२३ मध्ये पुन्हा बजावले. वर्तमानपत्राने हे सांगावे हे जरा गमतीचे आहे, पण खरे आहे.

गार झाल्यावरही खाता येतील अशा पदार्थांची परंपरा मराठी स्वयंपाकघरात जुनीच आहे. ती प्रवासासाठी तयार झाली. दुधात पीठ भिजवून केलेली दशमी, मराठवाड्यातले धपाटे, तीळ-शेंगदाण्याच्या कोरड्या चटण्या, गूळपोळी. एसटीच्या प्रवासात जे टिकते, ते शाळेच्या बसमध्येही टिकते. याउलट पोहे, उपमा, शिरा हे नाश्त्याचे राजे गार झाले की वातड किंवा गोळा होतात. ‘घरी तर आवडीने खातो’ या तक्रारीचे उत्तर बहुधा इथे असते. घरी तो गरम पोहे खातो.

डब्यात किती पोषण असायला हवे?

यासाठी एक तयार मोजपट्टी उपलब्ध आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना मिळणाऱ्या मध्यान्ह भोजनाचे, म्हणजे आताच्या ‘पीएम पोषण’ योजनेचे निकष. पहिली ते पाचवीसाठी एका जेवणातून ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीसाठी ७०० किलोकॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे त्यात ठरलेले आहे. मजा अशी, की भरपूर शुल्क घेणाऱ्या खासगी शाळेतल्या मुलाच्या डब्याला असा कोणताही निकष नाही. डबा भरला की झाले.

आता तिसरीतल्या मुलाच्या डब्यातील दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी या मोजपट्टीवर ठेवून पाहू. प्रत्येक पोळीला ३० ग्रॅम कणीक धरली तर दोन पोळ्यांतून सुमारे २०० किलोकॅलरी आणि ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. एका मध्यम बटाट्याची भाजी, चमचाभर तेलासह, आणखी सव्वाशेच्या आसपास किलोकॅलरी आणि जेमतेम दीड-दोन ग्रॅम प्रथिने देते. बेरीज सव्वातीनशे किलोकॅलरी आणि आठ ग्रॅम प्रथिने. म्हणजे डबा भरलेला दिसतो, पण प्रथिनांत एक तृतीयांश कमी पडतो.

ही तूट भरायला महागडी पावडर लागत नाही. १५ ग्रॅम शेंगदाण्यांत, म्हणजे साधारण मूठभर दाण्यांत, साडेतीन ते चार ग्रॅम प्रथिने आणि ८० हून अधिक किलोकॅलरी असतात. त्यांचे कूट भाजीत घातले की हिशेब बराचसा जुळतो. भाजीत, कोशिंबिरीत, साबुदाण्यात कूट घालण्याची मराठी सवय ‘जुन्या पद्धतीची’ म्हणून अनेक घरांतून मागे पडली. पोषणाच्या हिशेबात ती फार कामाची होती. (एखाद्या शाळेत शेंगदाण्याची ॲलर्जी असलेले मूल असेल तर तिथले नियम पाळावे लागतात.) एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. कणकेत मूठभर बेसन मिसळणे, मटकीची सुकी उसळ, मुगाचे धिरडे हेही त्याच कामाचे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला २३ ग्रॅम प्रथिने हवीत. डब्यातून १२ मिळाली, तर निम्मे काम सकाळी दहालाच झालेले असते.

दुसरी तूट लोहाची. २०१६ ते २०१८ दरम्यान झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात पाच ते नऊ वयोगटातील २४ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. धान्य-भाज्यांतले लोह शरीरात शोषले जायला ‘क’ जीवनसत्त्वाची मदत लागते. पोह्यांवर लिंबू पिळण्यात चवीइतकेच हे शास्त्रही आहे. डब्याच्या कोपऱ्यात पेरूच्या दोन फोडी असतील तर तेच काम होते. पेरू हा सफरचंदासारखा लगेच काळवंडत नाही, हा त्याचा आणखी एक फायदा. केळे सोलून कापून देऊ नये, सालीसकट द्यावे. काळे पडलेले फळ मूल खात नाही आणि त्यात त्याची चूक नाही.

खायला प्रत्यक्षात किती मिनिटे मिळतात?

मोठी सुट्टी कागदावर वीस ते तीस मिनिटांची असते. त्यातून रांगेने बाहेर पडणे, हात धुण्यासाठी नळापाशी थांबणे, स्वच्छतागृह आणि मैदान वजा केले, तर खाण्याला दहा-बारा मिनिटे उरतात. पहिली-दुसरीतले मूल पोळीचा तुकडा तोडून, भाजी उचलून, नीट चावून खात असेल, तर तेवढ्यात एखादी पोळी होते. त्याला तीन पोळ्या देणाऱ्या आईची काळजी खरी, पण हिशेब चुकलेला आहे.

इथे पदार्थाच्या आकाराने फरक पडतो. तीच भाजी पोळीत भरून गुंडाळी केली आणि तिचे दोन तुकडे केले, की तोडणे-उचलणे हा वेळ वाचतो आणि दुसरा हात मोकळा राहतो. छोटी थालीपिठे, एका घासाच्या इडल्या, सारण भरून केलेला पराठा यांचे गुपित चवीपेक्षा वेगात आहे. रसभाजीचा दुसरा डबा, तिसऱ्या डब्यात कोशिंबीर, चौथ्यात फळ ही मांडणी छायाचित्रात सुंदर दिसते. दहा मिनिटांत चार झाकणे उघडून पुन्हा लावायची म्हटल्यावर मूल एकच उघडते, आणि ते कोणते हे सांगायला नको.

झाकणाबद्दल थोडे वेगळे बोलायला हवे, कारण ते कोणी तपासत नाही. गळू नये म्हणून घेतलेला घट्ट चापांचा डबा मोठ्यांनाही जोर लावून उघडावा लागतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या बोटांत तेवढी ताकद नसते. बाईंकडे जायला ते लाजते आणि डबा तसाच दप्तरात जातो. नवा डबा घेतल्यावर तो मुलाने घरी स्वतः चार वेळा उघडून, बंद करून दाखवावा, इतकी साधी चाचणी पुरते.

मित्रांसमोर डबा उघडताना काय होते?

मुलासाठी डबा म्हणजे त्याच्या घराची ओळख असते. शेजारच्याच्या डब्यात पास्ता आणि आपल्या डब्यात भाकरी, ही तुलना आठ वर्षांच्या मुलाला समजते. मुळ्याचा, मेथीचा, सुकटीचा वास वर्गात पसरला की नाक मुरडले जाते आणि दुसऱ्या दिवसापासून ‘मला फक्त जॅम-ब्रेड दे’ सुरू होते. पालक याला हट्ट समजतात. पण कित्येकदा ती लाज असते, आणि लाज दुपारी घरी आल्यावर सांगता येत नाही.

काही शाळा डब्यात अंडी किंवा मासे-मांस आणू नये, असे पालकांना सांगतात. त्यामागे एकत्र बसून खाण्याची सोय असेलही. पण ज्या घरात अंडे हेच सर्वांत स्वस्त आणि सोपे प्रथिन आहे, तिथे या सूचनेची किंमत मूल मोजते. शिवाय आपल्या घरचे अन्न इथे चालत नाही, हेही ते शिकते. शाकाहारी पर्याय आहेत, ते वर आलेच. तरी ही बंदी पोषणाच्या दृष्टीने फुकट पडत नाही, हे शाळांनी मान्य करायला हवे.

सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी उसळ, बुधवारी भाताचा प्रकार असे डब्याचे वेळापत्रक अनेक शाळा ठरवून देतात. पालकांना ते जाचक वाटते, विशेषतः मंगळवारी उसळ करायची हे सोमवारी रात्री नऊला आठवते तेव्हा. पण सर्वांच्या डब्यात साधारण एकच पदार्थ असला की तुलना बोथट होते. ज्या मुलाने घरी मटकीला हात लावला नाही, ते मित्राच्या डब्यातली मटकी खाते, हा अनुभव शिक्षकांना नवा नाही.

बिस्किटे, ज्यूस आणि ‘मल्टिग्रेन’ चालते का?

कधीतरी चालते. रोज नाही. ग्लुकोज बिस्किटांत दर १०० ग्रॅममागे साखर २५ ग्रॅमच्या आसपास असते. २०० मिलिलिटरच्या आंब्याच्या पेयातून २० ग्रॅमहून अधिक साखर जाणे सामान्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार वरून घातलेली आणि रसातली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी, शक्य तर ५ टक्क्यांच्या आत असावी. १७०० किलोकॅलरी लागणाऱ्या मुलासाठी ५ टक्के म्हणजे सुमारे २१ ग्रॅम. एका पेयात दिवसाचा कोटा संपला.

पुड्यावर पुढे काय छापले आहे ते वाचू नये, पुडा उलटा करावा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावे लागतात. ‘मल्टिग्रेन’ बिस्किटाच्या यादीत पहिला मैदा, मग साखर आणि तेल, आणि नाचणी शेवटी दोन टक्के असेल, तर ते मैद्याचेच बिस्किट आहे.

शाळांवर कोणते बंधन आहे?

एफएसएसएआयच्या २०२० च्या विनियमांनुसार जास्त चरबी, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि प्रवेशद्वारापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. महाराष्ट्राने त्याआधीच, मे २०१७ मध्ये, शाळांच्या उपाहारगृहांतील जंक फूडविरोधात शासन निर्णय काढला होता. शाळा सुटताना कोणत्याही फाटकाबाहेर उभे राहिले, तर या नियमांचे काय झाले ते दिसते. मे २०२५ मध्ये सीबीएसईने संलग्न शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावण्यास सांगितले. चार ते दहा वर्षांच्या मुलांच्या रोजच्या ऊर्जेत साखरेचा वाटा १३ टक्के, तर ११ ते १८ वयोगटात १५ टक्के असल्याचे त्या परिपत्रकात नमूद होते.

फलक लावणे चांगलेच. पण मुलांना बसून खायला किती मिनिटे मिळावीत, याकडे कोणत्याही परिपत्रकापेक्षा शाळेच्या घंटेने लक्ष देण्याची गरज आहे. आधी पंधरा मिनिटे वर्गात बसून खाणे, मग मैदान, एवढा बदल मुख्याध्यापक स्वतःच्या अधिकारात करू शकतात.

पहाटे साडेपाचला ओट्याशी कोण असते?

केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, सहा वर्षांवरील ज्या व्यक्ती घरातली बिनपगारी कामे करतात, त्यांत महिला दिवसाला सरासरी २८९ मिनिटे आणि पुरुष ८८ मिनिटे देतात. डबा या २८९ मिनिटांतला सर्वांत घाईचा तुकडा आहे. आरोग्यदायी डब्याच्या बहुतेक पाककृती या बाईकडे आणखी वीस मिनिटे मागतात. ती तिच्याकडे नसतात, म्हणून जॅम-ब्रेड जिंकतो.

वेळ वाचतो तो आदल्या रात्री. भाजी चिरून ठेवणे, कणीक मळून फ्रिजमध्ये ठेवणे, मटकी भिजवणे, कूट आठवड्याचे एकदम करणे. यातले एकही काम असे नाही, जे घरातल्या पुरुषाला जमणार नाही. पहाटे मग पोळी लाटणे आणि फोडणी एवढेच उरते.

परत आलेला डबा काय सांगतो?

रागावण्याआधी तो नीट पाहावा. पोळी संपली आणि भाजी राहिली, तर भाजी गार झाल्यावर तेलकट होते आहे किंवा उचलायला अवघड जाते आहे. पोळीच्या कडा राहिल्या, तर त्या वाळून कडक झाल्या आहेत. सगळेच अर्धे-अर्धे राहिले, तर वेळ कमी पडतो किंवा प्रमाण जास्त आहे. एक पोळी कमी करून पाहावी. डबा उघडलेलाच नसेल, तर झाकण किंवा वर्गातले काही. आठवडाभर असे पाहिले, की एक नमुना दिसू लागतो.

एका कारणाकडे मात्र पटकन लक्ष जात नाही, ते म्हणजे किडलेली दाढ. एका बाजूने चावणारे, पोळी टाकून मऊच खाणारे, खायला फार वेळ लावणारे मूल अनेकदा दुखते असे सांगत नाही. ते फक्त डबा परत आणते. दोन-तीन आठवडे असे होत असेल, मूल लवकर थकत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर डबा बदलण्याआधी दंतवैद्य आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.